न आवडलेली पोथी

डोंगरापल्याडच्या एका राज्यात, पुष्कळ वर्षांमागे, एक ग्रंथपारखी राहत होता. माणूस विद्वान, पण महाफटकळ. त्याच्या तोंडी लागायला भलेभले कवी कचरत. तिथली रीत अशी, की नवी पोथी आली की ती नऊ दिवस देवळाच्या ओवरीत ठेवायची आणि शेजारी पारख्याचा अभिप्राय लावायचा. लोक दोन्ही वाचत आणि मनसोक्त भांडत.

एकदा एका म्हाताऱ्या विणकराने पोथी लिहिली. पारख्याने तिची पार सालटी काढली. कविता रडकी, यमकं ओढूनताणून आणलेली, असं लिहून तो मोकळा झाला. विणकराने त्याच्याशी बोलणंच टाकलं.

त्या पोथीत राजाच्या वेठबिगारीवरही चार ओळी होत्या. राजाला त्या झोंबल्या. त्याने विणकराला कोठडीत टाकलं, पण पोथी रागाने जाळली असं त्याला दिसू द्यायचं नव्हतं. म्हणून भर दरबारात त्याने पारख्याचाच अभिप्राय वाचून दाखवला आणि म्हणाला, "मी कोण बोलणार? पोथी टाकाऊ आहे, हे तुमच्या पारख्यानेच लिहिलंय. जाळून टाका."

पारखी दरबारातच बसला होता. शब्द त्याचेच होते, आणि खरेही होते. तो नुसता गप्प बसला असता तरी भागत होतं. बाकीचे पंडित माना खाली घालून बसलेच होते. एक भिकार पोथी गेली तर काय बिघडलं, अशी त्यांनी मनाची समजूत काढली होती.

पारखी उठला. "महाराज, पोथी वाईट आहे, हे मी आजही म्हणेन. पण ती लोकांच्या हातात असताना म्हणेन. पोथीच जाळलीत, तर मी चुकलो की नाही हे मला कोण सांगणार?"

पोथी जळाली. पारख्याची रवानगी विणकराच्याच कोठडीत झाली. ओवरीत पुढे नुसती स्तुती लागू लागली आणि ती वाचायला कुणी थांबेनासं झालं.

कोठडीत विणकर रोज आपली पोथी तोंडपाठ म्हणायचा. तिसरी ओळ लंगडते, असं पारखी सांगायचा. विणकर चिडायचा, मग दोघं तासन्‌तास वाद घालायचे. साऱ्या राज्यात मनातलं बोलायला तेवढीच एक जागा उरली होती.

हिवाळ्यात विणकर वारला. पारखी काही त्या कोठडीतून सुटला नाही. पण मरेपर्यंत तो ती न आवडलेली पोथी रोज म्हणत राहिला, तिसऱ्या ओळीतला एक शब्दही न बदलता.

तात्पर्य: पोथीला नावं खुशाल ठेवावीत, पण त्या नावांचं कुणी सरपण करू लागलं, तर नावं ठेवणाऱ्यानेच आधी आडवं यावं.