राजाची ओंजळ

हं, या आता. शमुवेल, पाय आत घे. रूथ, त्याचं पांघरूण ओढू नकोस. गप्प पडाल तरच सांगेन. नाहीतर मला काही झोप जड झालेली नाही.

तर एका नदीकाठी होता एक राजा, चंद्रभान नावाचा. त्याला एकुलती एक लेक, मैना. राजा तसा वाईट नव्हता, पण मोठेपणाचा फार सोस बाई त्याला! जमिनीला पाय लावायचा नाही. पेलासुद्धा चाकरानं ओठाला लावायचा, तेव्हा हा पिणार.

एकदा काय झालं, गावात देवीची साथ आली. लोक घरच्याच आजारी माणसांना बाहेर टाकू लागले. गावात ख्रिस्ती लोकांची एक वस्ती होती, आपल्यासारखीच. त्यांनी ती माणसं आपल्या घरात नेली, पेज पाजली, अंगावरचे फोड धुतले. राजा घाबरला. म्हणाला, "ही वस्तीच साथ पसरवणार." मग त्यानं सगळ्यांना आजाऱ्यांसकट नदीपलीकडे हाकललं आणि होड्या फोडून टाकल्या. मी लहानपणी हे ऐकलं ना, तेव्हा असा राग आला होता मला!

मग साथ गेली. पण मैनेला भलतंच काही झालं. पाणी ओठाशी आलं की कडू व्हायचं. कडुनिंब परवडला, इतकं कडू. दूधही तसंच. पोर तहानेनं सुकत चालली. वैद्य झाले, हकीम झाले, कुणाला काही कळेना. राजा रडकुंडीला आला.

मग खिडकीत एक म्हातारा बगळा येऊन बसला. म्हणाला, "राजा, मोठ्या माणसाच्या ओंजळीनं पाणी पाज. गोड लागेल."

"हात्तिच्या!" म्हणत राजानं आपलीच ओंजळ पुढे केली. कडू! मग सेनापतीनं पाजलं. कडूच. मग गावातल्या सगळ्यात श्रीमंत सावकाराला बोलावलं. मैना थू करून त्याच्या धोतरावरच थुंकली. हसताय काय? पोर मरायला टेकली होती, बरं का.

मग मैनेची दाई भीत भीत म्हणाली, "महाराज, पलीकडच्या वस्तीची मुख्य आहे एस्तेरबाई. साथीत माझ्या भावाला तिनंच वाचवलं. सगळे फार मानतात तिला." राजाला कसनुसं झालं. पण लेकीपुढे काय! पालखीत बसला आणि भोयांनी त्याला नदीतून उचलून पलीकडे नेलं.

तिथं सुगीची पंगत बसली होती. पहिल्या पाटावर एक म्हातारी, पान कसं भरगच्च! राजानं तिलाच हात जोडले. "एस्तेरबाई, माझ्या लेकीला वाचवा."

म्हातारीच्या हातातला लाडूच पडला. "अगं बाई! मी भीक मागणारी हो! एस्तेर ती बघा, चुलीपाशी."

त्या वस्तीत ज्याला कुणी नाही, त्याला पहिला पाट. आणि जो मुख्य, त्यानं वाढायचं, शेवटी जेवायचं आणि हंडा घासायचा. राजाला बिचाऱ्याला हे काय माहीत!

एस्तेरबाई हंड्याची खरवड काढत होती. लोक उसळले. "यानंच आपल्याला हाकललं! जाऊ नकोस." एस्तेर म्हणाली, "होड्या काय त्या पोरीनं फोडल्या? तहानलेली आहे ती." तिनं पदराला हात पुसले नि निघाली. राजा पालखीत, ती पाण्यातून.

महालाच्या दारात ती थांबली. "महाराज, जरा पायांवर पाणी द्या. जमीन घाण होईल."

राजानं खाली पाहिलं. पावलांतून रक्त येत होतं. "हे काय?"

"नदीतले दगड हो. बाजाराला येताना रोजच लागतात, होडी नाही ना. लहान पोरांना जरा जास्त लागतात."

राजा मटकन खाली बसला. चाकर धावला, तर त्याला म्हणाला, "तू राहू दे." त्यानं डोक्याचं पागोटं काढलं, पाण्यात भिजवलं आणि तिचे पाय धुवायला लागला. "अहो, हे काय करताय!" म्हणत एस्तेर पाय ओढून घेऊ लागली. राजा ढसाढसा रडत होता. "चुकलं माझं, बाई. फार चुकलं."

तेवढ्यात मैना आतून कण्हली, "बाबा, पाणी."

राजा धडपडत उठला. हात धुतले. हो गं रूथ, धुतले, तू विचारणार हे ठाऊकच होतं मला! तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि मैनेच्या ओठांशी नेलं. आपली ओंजळ चालत नाही, हे तो विसरूनच गेला. मैना घटाघटा प्यायली. म्हणाली, "बाबा, आणखी." गोड! बगळा खुशाल उडून गेला.

मग राजानं विचारलं, "मी तुम्हाला हाकललं, तरी तुम्ही आलात. हे कुठं शिकलात?"

"आमच्या येशूनं शिष्यांचे पाय धुतले, महाराज. प्रभू असून धुतले. मग आम्ही कोण लागून गेलो?"

"मला सांगा त्याची गोष्ट," राजा म्हणाला. "सगळी सांगा." आणि मैनेला मांडीवर घेऊन जमिनीवरच बसला.

मग नव्या होड्या झाल्या. वस्ती परत गावात आली. पुढच्या सुगीला राजानं पंगतीला वाढलं, शेवटी जेवला आणि हंडा घासायला बसला. घासला अगदीच वाईट. एस्तेरनं गुपचूप परत घासला. आणि सगळी आनंदानं नांदली.

झालं. मिटा डोळे. शमुवेल, तुझे पाय किती रे गार पडलेत! आण इकडे, चोळते. नीज तू.