न हलणारी सोंड

"मग दीक्षा अडलीय कशावर, बाबा? माझ्यात कमी काय आहे?"

चिमणगीर बाबांनी गुडघ्याला तेल चोळलं आणि हात धोतराला पुसले.

"कमी काही नाही रे. मला तुझी भीती वाटते."

मार्तंडाला आतून बरं वाटलं. गुरूनेच आपल्याला भ्यावं, याहून मोठी पावती कुठली...

माळावरच्या त्या मठात दीक्षेआधी एक बैठक असे. शिष्याने भर दुपारी लिंबाखालच्या पारावर बसायचं, ते थेट दिवेलागणीपर्यंत. मधे उठला, तर पुन्हा कधी बसायचं नाही. बाबा मुद्दाम येऊन उठवून पाहत. एकाला त्यांनी मठ पेटल्याचं सांगितलं होतं. तो घागर घेऊन धावला. सध्या तालुक्याला भुसार मालाचं दुकान चालवतो.

मार्तंड या दिवसाची तपभर वाट पाहत होता. एकदा मांडीवरून साप गेला तरी तो हलला नव्हता. हे मठात येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं, कारण तोच सांगत असे.

"मग आज बसू?"

बाबांनी एकदा आभाळाकडे पाहिलं.

"बस..."

वैशाख चालू होता. दुपार कलली तशा गारा आल्या. मार्तंडाच्या कपाळावर टेंगूळ आलं. तो बसून राहिला.

मग गारा एकदम थांबल्या. वारा पडला. मठातलं कुत्रं ओसरीखाली शिरलं. आभाळ शेवाळलेल्या पाण्यासारखं हिरवट दिसू लागलं.

बैठकीत डोळे मिटायची सक्ती नव्हती. मार्तंडाने समोर पाहिलं. ढगाच्या पोटातून एक काळी सोंड खाली आली होती. तिचं टोक दूरच्या बाभळीमागे जमिनीला टेकलं होतं आणि तिथली माती उकळल्यासारखी वर येत होती.

बाबा काठी टेकत पारापाशी आले.

"मार्तंडा, ऊठ. राहीबाईने पेव उघडलंय. चल खाली."

पेव म्हणजे स्वयंपाकघरामागे जमिनीत खोल खणलेलं धान्याचं कोठार. मार्तंड मनातल्या मनात हसला. त्या घागरवाल्याला आग सांगितली, मला वावटळ.

"ती थांबलीय, बाबा. मी केव्हाची बघतोय. त्या बाभळीच्या मागेच उभी आहे. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. जरासुद्धा हलत नाही."

"हलत नाही म्हणूनच म्हणतो. दुसरीकडे चालली असती तर सरकताना दिसली असती. जाड होतेय का, ते बघ."

मार्तंडाने बघितलं. मघाशी सोंड बाभळीच्या बुंध्याएवढी होती.

आता बाभूळ दिसत नव्हती.

पण उठलो तर संपलं. बाबा हेच तर पाहतायत...

"तुम्ही जा, बाबा. मी बसलोय."

बाबांनी काठी खाली टाकली, कसेबसे पारावर चढले आणि त्याच्या शेजारी मांडी घालून बसले.

"हे काय?"

"तू उठत नाहीस. मला एकट्याला भीती वाटते."

त्यांनी त्याचा हात धरला. म्हाताऱ्याचा तळवा गार पडला होता आणि कापत होता. मठ पेटल्याचं सांगताना या माणसाची पापणीसुद्धा लवली नव्हती, असं सगळे सांगत.

परीक्षा घेणाऱ्याचा हात असा कापत नाही.

बुडाखालचा दगड घरघरू लागला, खाली कोणी मोठं जातं फिरवावं तसा. गोठ्याचा पत्रा उचकटला, कागदासारखा वर गेला आणि परत आलाच नाही.

मार्तंड उठला.

बाबांना खांद्यावर घेऊन तो धावला. पेवाच्या तोंडाशी मठाची स्वयंपाकीण राहीबाई दोरीने दिवा आत सोडत होती. तो तिला ओलांडून उडीच घेणार होता.

"थांब, मेल्या. कोंदलेलं पेव आहे. ज्योत विझली तर माणूसही विझतो."

"राहीबाई, मागे बघ..."

"मागचं तू बघ. मी दिवा बघते."

मार्तंडाने मागे बघितलं, आणि बघायला नको होतं असं त्याला वाटलं.

"जळतोय. उतरा. डोकी झाका."

वर फळी ओढली. तिघं भिंतीला टेकून, डोकी गुडघ्यांत घालून बसले. कान दुखले. ज्योत आडवी झाली. वरून काहीतरी प्रचंड जड असं फरफटत गेलं... खूप वेळ जात राहिलं. मार्तंडाचे दात वाजत होते. बाबांचा हात त्याने सोडला नाही.

वर आले तेव्हा ऊन पडलं होतं. लिंब नव्हता. पाराचे दोन दगड उरले होते आणि मधल्या खड्ड्यात गारांचं पाणी साचलं होतं.

दिवेलागण अजून व्हायची होती.

"बाबा... मी उठलो."

"हं."

"आता पुन्हा बसता यायचं नाही."

बाबांनी आपला हात त्याच्या हातातून हळूच सोडवून घेतला.

"मार्तंडा, आता मला तुझी भीती वाटत नाही."