मोरणीआत्याचं मऊ गवत

कोंबड्या मनातलं बोलून दाखवत, त्या काळची ही गोष्ट. खाडीकाठच्या एका खुराड्यात कवडी नावाची तरणी कोंबडी नवीन आली होती. तिथली थोरली मोरणीआत्या. हल्ली तिची अंडी हातात घेताच पिचत. मालकीण म्हणाली होती, "उद्या अंडं फुटलं, तर आत्याच पातेल्यात!"

धसक्याने आत्या अंड्याखालचं गवत पिंजून मऊ करत बसली. "बसताना श्वाससुद्धा जपून घेते गं," ती कवडीला म्हणाली.

संध्याकाळी अंगणात शिंपल्यांचा चुरा पडला. तरण्यांनी आधी खायचं, या रीतीप्रमाणे आत्या बाजूला झाली. "खा पोरींनो. म्हातारीला काय करायचाय?"

काल आलेलीने थोरलीला शिकवायचं कसं? तरी ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, कवच गवतात नाही, पोटात होतं, या चुऱ्याचंच. आता तर तुम्हालाच जास्त चुरा लागेल." आणि पंख पसरून तिने बाकीच्यांना अडवलं.

"आली मोठी शहाणी!" सगळ्या कलकलल्या. आत्या मात्र पुढे होऊन चुरा टिपू लागली.

सकाळी मालकिणीने अंडं नखाने वाजवून पाहिलं. टणक! तिने पातेलं पालथं घातलं.

"बघितलंस? गवत मऊच हवं," आत्या तोऱ्यात म्हणाली.

"हो ना," कवडी म्हणाली, आणि संध्याकाळी पुन्हा पंख पसरून उभी राहिली.