टेकू कुणाच्या बाजूचा?

“टेकू त्यांच्या बाजूचा, मग चूक आमची कशी, मिस्त्री?”

नंदन घैसास दर्ग्याच्या पायरीवर उभा राहूनच विचारत होता. बसायलाही तयार नव्हता.

गफूरमिस्त्री अंगण झाडत होते. चाळीस वर्षं त्यांनी पूल बांधले. नव्यानेच इंजिनिअर झालेल्या नंदनला स्लॅबला खालून आधार देणारं सेंट्रिंग कसं तपासायचं, ते त्यांनीच शिकवलं होतं. आता दर्ग्याची झाडलोट करत.

खाडीवरचा पूल दोन कंपन्यांनी मिळून घेतला होता. अलीकडचा काठ नंदनच्या कंपनीकडे, पलीकडचा दुसऱ्या कंपनीकडे. करार मात्र एकच. यश दोघांचं, चूकही दोघांची, एकमेकांकडे बोट दाखवायचं नाही.

परवा पलीकडचा एक टेकू निसटला. स्लॅब खाली आला. लिंबाजी नावाचा गवंडी त्याखाली सापडला, त्याचा पाय कापावा लागला.

“उद्या चौकशी समिती बसतेय. तुमचा शब्द दोन्ही काठांवर चालतो. टेकू त्यांचा होता, एवढंच सांगा.”

“करारात काय लिहिलंय?”

“करार सह्या करायला ठीक असतो हो. इथे माझं नाव खराब होतंय.”

मिस्त्री पुन्हा झाडू लागले.

“पुरावा आहे माझ्याकडे.” नंदनने मोबाइल पुढे केला. “बघा, केवढा कललाय!”

मिस्त्रींनी हात सदऱ्याला पुसले. मोबाइल डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघत राहिले.

“स्वच्छ आलाय फोटो. कधी काढलास?”

“आदल्या दिवशी, दुपारी. पडायच्या आधीचाच आहे, म्हणून तर पक्का…”

नंदन अडखळला.

“कुणाला सांगितलंस?”

“काम त्यांचं होतं, मिस्त्री. त्यांनी बघायला…”



मिस्त्रींनी दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि त्याच्यासमोर धरला. टेकूच्या मागे, स्लॅबच्या सावलीत, एक माणूस उकिडवा बसून भाकरी खात होता. फोटो काढतायत म्हणून हसतही होता.

लिंबाजी.

हा फोटो नंदनने दोन दिवसांत किती जणांना दाखवला होता! स्वतः किती वेळा पाहिला होता!

तो मटकन पायरीवर बसला.

“मला… मला हा दिसलाच नाही, मिस्त्री.”

मिस्त्रींनी मोबाइल त्याच्या हातात ठेवला. त्याची बोटं त्यावर मिटवली.

“समितीला मग दाखव,” ते म्हणाले. “आधी त्याला दाखवून ये.”