आईच्या न खाल्लेल्या भाकरी

पळस फुलला की सगळं जग म्हणतं, अहाहा, काय सुंदर! रान कसं शेंदरी झालंय, जसं काही कुणी केशर उधळलंय. पण राहीला मात्र पळस फुलला की रडू यायचं. तुम्ही म्हणाल, काय विचित्र मुलगी! थांबा जरा, आधी ऐकून तर घ्या.

राही आणि तिची आई पळसाच्या पानांच्या पत्रावळ्या लावायच्या. बाबा देवाघरी गेले होते, म्हणून घरात दोघीच. राही पानं आणायची, आई बारीक काड्यांनी ती टाचायची, आणि त्यावर त्यांचं पोट चालायचं. पण पळसाला फुलं येतात तेव्हा झाडावर पान म्हणून उरत नाही. पान नाही तर पत्रावळ नाही, आणि पत्रावळ नाही तर पीठ कुठून येणार? नवी पालवी फुटेपर्यंत डब्यात असेल तेवढ्यावरच भागवायचं. रान जितकं रंगीत, तितकं घर उदास.

म्हणून राही फार जपून राहायची. इवलीशी पोर, पण हुशार हो! आगपेटीतली काडी वाचावी म्हणून शेजारच्या चुलीतला विस्तव खापरीत घालून आणायची. डाळ सकाळीच भिजत घालायची, म्हणजे लवकर शिजते आणि सरपण कमी लागतं. तेलाची बाटली उलटी करून ठेवायची, शेवटचा थेंबसुद्धा खाली उतरायला हवा ना! साबणाचे झिजलेले चपटे तुकडे ओले करून एकमेकांना चिकटवायची, की झाली नवी वडी. कोथिंबिरीचे देठ चटणीत घालायची. आणि दिव्याचं तेल जळू नये म्हणून दोघी उजेड आहे तोवरच जेवून घ्यायच्या.

दोघी म्हणजे, राही आधी जेवायची. आई म्हणायची, "तू जेव बाळा, मी मागून बसते." मग राही ओसरीवर काटक्या रचायला जायची आणि आतून आईच्या ताटाचा आवाज यायचा. थोड्या वेळानं आई ताट घासून पालथं घालायची.

यंदा तर कमालच झाली. दरवर्षी फुलांच्या ऐन बहरात डबा रिकामा व्हायचा, यंदा तळाशी अजून पीठ होतं! राहीला कोण अभिमान वाटला. "आई, बघ माझी काटकसर!" ती म्हणाली. आई हसली आणि उठायला गेली, तर तिला भिंत धरावी लागली. तिचे हात थरथरत होते, बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. "काही नाही गं, ऊन बाधलं असेल," ती म्हणाली आणि तशीच खाली बसली. राहीनं धावत जाऊन तिला पाणी आणून दिलं.

त्या दिवशी ती अनवाणीच रानात काटक्या वेचायला गेली. खाली पाकळ्यांचा मऊ मऊ शेंदरी गालिचा, वर पोपटांचा कलकलाट, पण हिचं कशात लक्ष नव्हतं. इतक्यात एका जुन्या पळसातून बारीकसा आवाज आला. "अगं ए मुली, माझा पंख सोडव ना!"

पळसाच्या खोडातून लालभडक डिंक पाझरला होता आणि त्यात एक चिमुकली परी अडकली होती. बोटाएवढी! अंगात फुलाच्या पाकळीचा झगा, केसांत दवाचे चमचमणारे मणी, आणि एक पंख डिंकात घट्ट रुतलेला. ओढावं तर फाटेल. राहीच्या कमरेला पाण्याचा छोटा भोपळा होता, त्यात घोटभरच पाणी उरलं होतं. घशाला कोरड पडली होती, तरी तिनं ते पाणी थेंब थेंब डिंकावर सोडलं आणि हलक्या हातानं पंख मोकळा केला.

परीनं पंख झटकले, तशी सोनेरी भुकटी उडाली. "गुणाची गं माझी! मी पळसपरी. माग काय हवं ते. पण माझे नियम कडक आहेत हं. मी नवीन काही देत नाही, वाचवलेलं तेवढं परत देते. ज्यानं वाचवलं त्याचं त्यालाच मिळतं. एकाच ढिगाचं मागायचं. आणि परत मिळालेलं पुन्हा साठवायचं नाही, दिवेलागणीच्या आत संपवायचं. ठेवलं की त्याचा पाचोळा झालाच!"

असं म्हणून तिनं खोडाच्या ढोलीवर टिचकी मारली. आत लख्ख उजेड पडला. राही वाकून बघते तो काय, एका कोपऱ्यात तिचा स्वतःचा ढीग! वाचवलेल्या काड्या चांदण्यांसारख्या चमकत होत्या, साबणाच्या गुलाबी वड्या होत्या, तेलाचे थेंब पिवळेधमक मणी होऊन बसले होते. "एवढं सगळं बाजारात नेलं तर चपला येतील," राही पुटपुटली. तिच्या पायांना काटे फार बोचायचे हो.

मग तिची नजर दुसरीकडे गेली. तिथं भाकरीच भाकरी होत्या, थेट ढोलीच्या छतापर्यंत. गोल, पांढऱ्या, वाफाळलेल्या.

"हे कुणाचं?" राहीनं विचारलं.

"तुझ्या आईचं," परी हळूच म्हणाली. "मागून जेवते म्हणाली आणि जेवली नाही, त्या या भाकरी."

"खोटं! मी ताटाचा आवाज ऐकलाय!"

"रिकामं ताटही वाजतं बाळ."

राहीला आता कळलं. म्हणजे डब्यात पीठ उरलं ते आपल्या काटकसरीनं नव्हे! आपण मिरवत होतो आणि आई उपाशी होती. तिला इतकं रडू आलं, इतकं रडू आलं, की परीनं आपल्या झग्यानं तिचे डोळे पुसले, पण तेवढासा झगा पुरतो होय?

"ती अशीच वाचवत राहिली," परी म्हणाली, "तर नव्या पालवीच्या पत्रावळ्या तुला एकटीला लावाव्या लागतील. फुलं आहेत तोवरच मी आहे. आता बोल, कुठला ढीग?"

राहीनं आपल्या ढिगाकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "आईचा," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी राही टोपलीभर भाकरी घेऊन घरी आली आणि तिनं आईला सगळं सांगितलं. आईनं परीला हात जोडले, एक घास खाल्ला, आणि राहीची पाठ वळताच बाकीच्या भाकरी फडक्यात बांधून फळीवर ठेवल्या. उद्याला होतील म्हणून! सकाळी फडकं सोडलं तर आत नुसती वाळकी पानं.

दुसऱ्या दिवशी राहीनं ढोलीतून पुन्हा टोपली भरून आणली आणि आईला जेवायची शपथ घातली. आई बरं म्हणाली आणि हळूच आपली भाकरी राहीच्या ताटात सरकवली. राहीनं घास घेतला तर तोंडात पाचोळा! आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय करू गं? सवयच झालीय मेली. हात तोंडाकडे जातच नाही."

असे दिवस गेले. रोज टोपली यायची, रोज पाचोळा व्हायचा. रानात फुलं गळत होती, ढोलीतला ढीग खाली खाली चालला होता, आणि आई आता अंथरुणातून उठतही नव्हती. राहीनं रागावून पाहिलं, रडून पाहिलं, पाया पडून पाहिलं. काही म्हणून उपयोग झाला नाही. परीचाही झगा कोमेजला होता. एका संध्याकाळी तिनं शेवटच्या चार भाकरी टोपलीत ठेवल्या आणि म्हणाली, "झाडावर एकच फूल राहिलंय राही."

घरी येऊन राहीनं आईला भिंतीला टेकून बसवलं आणि तिच्यासमोर टोपली ठेवली. स्वतःसाठी डब्यातल्या पिठाची भाकरी थापली, ताटात घेतली, आणि ताट दूर सरकवलं.

"हे काय? जेव की," आई म्हणाली.

"मी मागून बसते."

"राहे! वेडी झालीस का? वाढतं अंग तुझं, उपाशी राहतात का असं?"

"आजपासून मीपण वाचवणार. तू वाचवतेस तसंच, अगदी तस्संच!" राही म्हणाली. "तू नसशील तेव्हा भरलेला डबा घेऊन मी काय करू गं आई? डबा मला थोपटणार आहे का? मला तू हवीस!"

बाहेर ऊन उतरत होतं. आई लेकीकडे बघत राहिली. तिचे खप्पड गाल, काट्यांनी भरलेले पाय, आणि समोर तसंच ठेवलेलं ताट. आपलं पोर आपल्यासारखं उपाशी बसलेलं तिनं पहिल्यांदाच पाहिलं, आणि तिच्या काळजाचं पाणी पाणी झालं. तिनं थरथरत्या हातानं भाकरी मोडली. घास तोंडात घातला. "हं, खातेय बघ. आता तूही खा."

"पुरती खा. मग मी खाईन."

आई खाऊ लागली. रडत होती आणि खात होती. एक भाकरी संपली. दुसरी मोडली. तिच्या पांढऱ्या ओठांवर लाली येऊ लागली, हातांची थरथर थांबली, तेव्हा कुठे राहीनं आपलं ताट पुढे ओढलं. मग दोघी मायलेकी समोरासमोर बसून जेवल्या.

तेवढ्यात दारात काहीतरी झगमगलं. उंबऱ्यावर पळसपरी उभी होती, तिच्या हातात ते शेवटचं फूल होतं. तिनं फुलावर फुंकर घातली, तसा शेंदरी, केशरी, सोनेरी उजेड घरभर पसरला, चुलीवर, डब्यावर, आईच्या केसांवर, आणि त्या उजेडात परी विरून गेली. राहीनं घाईघाईनं तिला हात हलवला. परीला तो दिसला की नाही कोण जाणे.

उजेड हळूहळू ओसरला. आई दाराकडे बघत नव्हतीच. ती आपल्या ताटाकडे बघत होती, आणि ताट रिकामं होतं. ती जराशी लाजली, आणि मग टोपलीकडे बोट दाखवून म्हणाली,

"राही, अजून एक वाढ गं."

राहीनं टोपलीतली मोठी भाकरी उचलली आणि आईच्या ताटात वाढली.