झिरीची चाल

गावं वसायच्याही फार आधीची गोष्ट. डोंगरातल्या एका मोठ्या कपारीत माणसांची एक टोळी राहत असे. त्या टोळीत उंबरी नावाची एक बाई होती.

उंबरीची लेक झिरी नदीपलीकडच्या टोळीत दिली होती. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं, की दोन्ही टोळ्या नदीकाठी भेटत, मासे भाजून खात, नाचत. पण एका वर्षी पलीकडची टोळी हरणांच्या मागे दूर निघून गेली आणि पुन्हा नदीवर आलीच नाही. चार उन्हाळे उंबरी काठावर जाऊन बसली आणि तशीच परत आली.

पाचव्या वर्षी तिला एक भीती वाटू लागली. लेकीचा चेहरा मनातून पुसट होत चालला होता. नाक आठवावं तर डोळे निसटत. डोळे धरावेत तर हनुवटी हरवे.

कपारीच्या भिंतीवर गवे आणि हरणं काढणारा एक म्हातारा होता. सगळे त्याला आजा म्हणत. उंबरी त्याच्यापाशी गेली. "आजा, मला माझी झिरी काढून दे."

"तुझ्याइतकं नीट मी कुठे तिला पाहिलंय?" आजा म्हणाला. "पाहिलंस तू, तर काढही तूच. गेरू मी देतो. पण एवढा एकच खडा उरलाय, आणि गेरूचा डोंगर आठ दिवसांच्या वाटेवर. जपून वापर."

उंबरीने खडा दगडावर वाटला, शिंपलीत चरबी घालून खलला, काडीचं टोक चावून चावून कुंचला केला. भिंतीचा सर्वांत गुळगुळीत भाग निवडून ती तीन दिवस काढत होती. डोळे काढले, भुवया काढल्या. गळ्यातली शिंपल्यांची माळ काढली, एकही शिंपला न गाळता. केसांत खोवलेलं पीससुद्धा काढलं. काही राहून जाऊ नये म्हणून तिने काहीच सोडलं नाही.

चौथ्या दिवशी तिची जाऊ तिथून चालली होती. ती चित्रापुढे थांबली आणि म्हणाली, "छान आहे हो! कोण गं ही?"

जिने झिरीला मांडीवर खेळवलं, तिलाच ती ओळखू आली नाही!

"आजा," उंबरी म्हाताऱ्याला म्हणाली, "सगळं काढलं, तरी ती आली नाही रे."

आजाने चित्र वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग त्याने विचारलं, "ती लांबून येत असायची, चेहरा दिसत नसायचा, तेव्हा तू तिला कशी ओळखायचीस?"

"चालीवरून," उंबरी लगेच म्हणाली. "धाकट्या भावाला कडेवर घेऊन घेऊन ती एका अंगाला झुकली होती. भाऊ मोठा झाला, पळायला लागला, तरी ही आपली तशीच वाकडी. रिकाम्या कडेवर कुणी बसल्यासारखी चालायची." सांगता सांगता ती हसली.

"मग ते काढ," आजा म्हणाला. "पण आधी दगडावरून हात फिरव. आम्ही गवा काढतो, तेव्हा फुगवटा शोधतो. तिथे वशिंड आयतंच असतं."

शिंपलीच्या तळाशी थोडासाच गेरू उरला होता. त्यात आहे ते चित्र आणखी सजवता आलं असतं. नवं काढायचं म्हणून ते मोडायचं, तर लेकीचे डोळे स्वतःच्या हातांनी पुसायचे. दुपार कलेपर्यंत उंबरी तशीच बसून होती. शेवटी तिने ओलं शेवाळ घेतलं आणि आधी ते डोळे, मग सगळं चित्र पुसून टाकलं.

मग ती खडबडीत भिंतीवर हात फिरवू लागली. एका जागी दगड तिरका फुगला होता, झुकलेल्या कंबरेसारखा. तिथे तिने जेमतेम सहा रेघा ओढल्या. चेहरा नाही, माळ नाही. रंग संपला.

संध्याकाळी जाऊ लाकडांची मोळी घेऊन आली आणि भिंतीकडे बघून ओरडली, "अगं बाई, अजून तशीच वाकडी चालते ही!"

उंबरी चार वर्षांत पहिल्यांदा पोटभर रडली.

पुढे दोन हिवाळे गेले. एकदा गारपिटीत सापडलेली परकी माणसं कपारीत आसऱ्याला आली. त्यांच्यातली एक बाई भिंतीपाशी थबकली. "ही इथे कशी? ही तर आमच्या रानातली!"

उंबरीने तिचा हात धरला. "जिवंत आहे?"

"जिवंत म्हणजे काय! दोन लेकरं आहेत. धाकटी सारखी कडेवर."

"किती लांब आहे गं तुमचं रान?"

"अख्खा उन्हाळा चालावं लागतं, बाई."

उंबरीने आपल्या सुजलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग ती हळूच म्हणाली, "भेटलीस तर तिला सांग, आईला तू दिसतेस."

सकाळी पाहुणे निघाले. शेवटचा माणूस वळणाआड गेला, तरी उंबरी उभीच होती. डोंगरांपलीकडे तिची एक नात होती, आणि तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं होतं.

तात्पर्य काय, तर ज्याची ओढ लागली आहे त्याचं सगळंच धरून ठेवू गेलं, तर तेच हातून निसटतं. त्याची एक खरी खूण जपली, तर परक्यालाही ओळख पटते.