पाठमोरा दौलत

फार वर्षांपूर्वी, आगगाडी कोळसा खाऊन धावायची तेव्हा, हिवरधऱ्यात दौलत नावाचा बुरूड राहत होता. बांबूच्या टोपल्या विणायचा. त्याचा जीव दोनच ठिकाणी, घरात आणि गाडीत. रोज गाडीच्या वेळेला बायको सुगंधा आणि चारही मुलींना घेऊन तो रुळांपाशी जायचा. रुळाला कान लावून सांगायचा, आज इंजिनावर कोणता डायव्हर आहे, मागे डबे किती आहेत. लहानपणापासून एकदाही चुकला नाही, असं म्हणतात.

मग रेल्वेचा एक नवा साहेब आला. त्याने हिवरधऱ्याचा थांबाच काढून टाकला. "तिथे चढायला-उतरायला माणसं आहेत कुठे?" म्हणाला. गावाने अर्जांवर अर्ज केले. एकाचंही उत्तर आलं नाही.

त्याच श्रावणात दौलतची तिसरी मुलगी, सात वर्षांची कौतिका, घटसर्पाने आजारी पडली. घसा बंद होत चालला. दवाखाना तालुक्याला, आणि नदीला पूर. बैलगाडी जाणार कशी? दौलतने पोरीला रुळांपाशी नेलं आणि गाडी दिसताच दोन्ही हातांवर उंच धरलं. डायव्हरने बघितलं. पण न थांबण्याचा हुकूम होता. गाडी निघून गेली. संध्याकाळपर्यंत कौतिकाही गेली.

तिला नाल्याकाठी पुरलं. दुसऱ्या दिवशी दौलत रुळांच्या मधोमध जाऊन उभा राहिला, गाडीकडे पाठ करून.

"अवो, तोंड तरी तिकडे करा," सुगंधा म्हणाली.

"माझ्या लेकीला बघून ती निघून गेली. आता तिने माझी पाठच बघावी."

सुगंधाही त्याच्या शेजारी तशीच उभी राहिली.

गाडी शिट्ट्या मारत आली आणि दोघांपासून एका वितीवर थांबली. ब्रेक कोणी लावलाच नव्हता, असं म्हणतात. भट्टी विझली. मदतीला दुसरं इंजिन आणलं, तेही गार पडलं. दौलतची पाठ मात्र रागाने इतकी तापली होती, की पावसाचा थेंब पडला की चर्र व्हायचं.

तिसऱ्या दिवशी साहेब ट्रॉलीवरून आला. "काय पाहिजे तुला?"

दौलत वळला नाही. "गावात माणसं आहेत कुठे, विचारलं होतं ना? मोजा."

साहेब चिखल तुडवत घरोघर फिरला. खाटेवरची म्हातारी माणसं मोजली, पाळण्यातली बाळं मोजली. परत येऊन म्हणाला, "दोनशे अकरा."

"एक राहिलं," सुगंधा म्हणाली. "ते नाल्याकाठी आहे. चला, दाखवते."

तिथून परतल्यावर साहेब खाली मान घालून म्हणाला, "दोनशे बारा." तेव्हा कुठे भट्टी आपोआप पेटली, असं म्हणतात.

थांबा परत मिळाला. पण दौलतने पुन्हा कधी गाडी पाहिली नाही. रुळांकडे पाठ करून टोपल्या विणत बसायचा. गाडी आली की त्याचे हात थांबायचे, आणि आवाज पार विरेपर्यंत थांबलेलेच असायचे. राग त्याच्याबरोबरच गेला. आधी का जावा?

आजही श्रावणातल्या त्या दिवशी हिवरधऱ्याची माणसं गाडीकडे पाठ करून फलाटावर उभी राहतात. याला दौलतची मोजणी म्हणतात. गार्ड खाली उतरतो, एकेकाला मोजतो आणि शेवटी एक आकडा वाढवून मोठ्याने सांगतो. तो सांगेपर्यंत कोणी वळत नाही, मग गाडीला कितीही उशीर होवो.